पाववाल्याची रिम

"मेस्त्री, ही रिम कानशीन घासून खरखरीत करून देवा. पावसात ब्रेक लागणा नाय."

भर आषाढात, दुकानाचं शटर पुरतं वर जायच्या आत पाववाला दारात हजर. कुंभारमाठाकडून मालवणात उतरताना दोन्ही ब्रेक आवळले तरी सायकल सुटलीच होती. शेवटी पाय घासत गटाराच्या कडेला उभी केली. पाव शाबूत राहिले, चपलेचं मात्र वाटोळं झालं.

त्याची रिम स्टीलची, वर क्रोमचा मुलामा. कोरडी असली की ठीक. ओली झाली की ब्रेकचं रबर आणि क्रोमच्या मध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, गुळगुळीत पृष्ठभागावर त्याला निघून जायला वाटच नसते. मग कितीही आवळा, सायकल थांबायला कितीतरी पट जास्त अंतर घेते. खरखर असली तर रबर त्या थरातून आरपार टेकतं. म्हणजे गड्याचं म्हणणं तसं खोटं नव्हतं.

त्याला समजावण्यापेक्षा दाखवलेलं बरं. सायकल उलटी केली, पुढच्या रिमवर दोन्ही बाजूंना वीतभर जागा जाड पॉलिश पेपरने घासली आणि मगभर पाणी ओतलं. चाक फिरवून हलकेच ब्रेक धरायला सांगितला. घासलेला भाग रबराखाली आला की चाक गचकन अडखळायचं, पुढे परत सुळकन निसटायचं.

"बगा, धरता मा!" तो खूश.

धरत होतंच. पण पेपरवर काळपट भुकटी उतरली होती, तो क्रोमच होता. मुलामा गेला की खाली नुसतं लोखंड, आणि इथली खारी हवा लोखंडाला सोडते थोडीच? गंजलेल्या रिमवर ब्रेक चांगला लागतो, हेही खरंच. पण तो गंज रबर खातो आणि पुढे रिमही. गंज धरला नाही, तर ब्रेक रोज घासून ती जागा परत गुळगुळीत करतो. कानस लावली असती तर रिमला चरे पडले असते, ते वेगळंच. उताराच्या रस्त्यावर धंदा करणाऱ्याला असलं काम करून द्यायला माझं मन घेईना.

दोन्ही चाकं बदलायची त्याची ऐपत नव्हती. ब्रेक मारला की भार पुढे येतो, म्हणून पुढची रिम तेवढी अ‍ॅल्युमिनियमची घातली, 36 भोकांची. तारा नव्या ओवल्या, आऊट काढला, म्हणजे तारा आवळून चाक सरळ फिरेल असं केलं. गंमत म्हणजे या नव्या रिमला मी स्वतःहून पॉलिश पेपर लावला! पण बारीक, 220 नंबरचा, अगदी हलक्या हाताने, तेलकटपणा आणि वरची चकाकी जाण्यापुरता. मग स्पिरिटने पुसली. जुने ब्रेक शू, म्हणजे ब्रेकचे रबर, कडक होऊन चकचकीत झालेले, तेही बदलले. नव्या शूमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे कण रुतले की ते टोच्याने उकरून काढ, नाहीतर रिम कातरली जाईल, हे त्याला दोनदा बजावलं. जांभ्याची लाल माती रिमवर सुकू देऊ नकोस. आणि पावसात उतार लागायच्या आधीच ब्रेक हलका टेकवून ठेव, चाकाच्या काही फेऱ्यांत रिमवरचं पाणी पुसलं जातं.

मागची रिम अजून स्टीलचीच आहे. तिचं चतुर्थी झाल्यावर बघू म्हणालाय.