डोंगराकडे पाठ करून बांधलेला अँटेना

24 मार्च 2004, बुधवार. पाडवा होऊन तीनच दिवस झाले होते. सकाळी दुकानाचं शटर वर करायला गेलो तर जिभाऊ आधीच पायरीवर येऊन बसलेले. पाटणादेवीच्या बाजूला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी त्यांचं गाव. पहाटेच्या पहिल्या गाडीने चाळीसगावला आले होते. हातात पिशवी, पिशवीत सिग्नल वाढवणारा बूस्टर आणि तारेचं भेंडोळं. म्हणाले, "भाऊ, आज काही करून चित्र दिसलं पाहिजे. गाव माझ्याकडे डोळे लावून बसलंय."

त्या दिवशी लाहोरला भारत-पाकिस्तान मालिकेतला शेवटचा एकदिवसीय सामना होता. मालिका 2-2 अशी बरोबरीत. कोर्टाच्या आदेशामुळे ते सामने दूरदर्शनवर दिसत होते, म्हणून खेड्यापाड्यांत सगळ्यांची मदार छपरावरच्या अँटेनावर. आणि नेमका आमच्या भागाचा लहान प्रक्षेपक दोन दिवसांपासून बंद. एरवी त्याच्यावर पाच काड्यांचा साधा अँटेना लावला तरी काम भागायचं. आता उरलं होतं ते म्हैसमाळ. औट्रम घाटाच्या पलीकडे, पठारावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर उभा असलेला दूरदर्शनचा मोठा मनोरा.

जिभाऊंनी गप्प बसून वाट पाहिली नव्हती. सोमवारीच शहरात जाऊन त्यांनी 'लांब पल्ल्याचा' अँटेना आणला होता. खोक्यावर दीडशे किलोमीटर लिहिलेलं. विकणाऱ्याने विचारलं, म्हैसमाळ किती लांब? हे म्हणाले, सरळ रेषेत चाळीस असेल नसेल. मग तो म्हणाला, डोळे मिटून घ्या. दादर ज्वारी विकून आलेल्या पैशातले पैसे गेले आणि पडद्यावर चित्राऐवजी ठिपक्यांच्या नुसत्या मुंग्या. मला त्या विकणाऱ्याचा तेव्हाही राग आला होता, आजही येतो. अँटेनाच्या खोक्यावर किलोमीटर छापणं म्हणजे बियाण्याच्या पिशवीवर क्विंटल छापण्यासारखं आहे. जमीन कोणती, पाणी किती, हे न विचारता उत्पन्न सांगायचं.

मी माझ्या एम-एटी दुचाकीला पेट्रोल घातलं. मागे पोऱ्याला बसवलं, त्याच्या मांडीवर दोन अँटेने सुतळीने बांधून दिले. पुढच्या जाळीत साडेपाच इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, बारा व्होल्टवर चालणारा. माझ्याकडे सिग्नल मोजायचं मीटर कधीच नव्हतं, त्या छोट्या टीव्हीवरच मी आयुष्यभर मोजमाप केलं. मुंग्या किती, त्यांच्यातून माणसाचा चेहरा ओळखू येतो का, अक्षरं वाचता येतात का, आवाजात खरखर किती, अशा माझ्या चार-पाच पायऱ्या ठरलेल्या होत्या.

गावात पोचलो तेव्हा साडेदहा वाजले असतील. जिभाऊंच्या माळवदावर वीस फुटी जीआय पाइप, त्याच्यावर तो नवा कोरा अँटेना. दिसायला देखणा, बावीस-तेवीस काड्या, काही लांबलचक, काही वीतभर. तो सगळ्या पट्ट्यांसाठी केलेला होता. टीव्हीच्या व्हीएचएफचा खालचा पट्टा 47 ते 68 मेगाहर्ट्झचा, वरचा 174 ते 230 चा, आणि त्यापुढे यूएचएफ. काडीची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते. मुख्य काडी लहरीच्या निम्म्याच्या आसपास, मागची थोडी मोठी, पुढच्या थोड्या लहान. त्यामुळे सगळे पट्टे धरणाऱ्या अँटेनात एका चॅनेलच्या कामाच्या काड्या थोड्याच असतात, बाकीच्या त्या वेळी नुसत्या ओझ्याच्या. काड्या मोजून पैसे देणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

माझ्याकडचे दोन वेगळे होते. एक अकरा काड्यांचा, म्हैसमाळच्या चॅनेलपुरता मापून मीच कापलेला. दुसरा म्हणजे सहा-सहा काड्यांचे दोन, एकावर एक बसवून जोडलेले. या काड्यांच्या रचनेला यागी-उडा म्हणतात. जपानमध्ये 1926 च्या सुमारास उडा आणि यागी या दोघांनी ती जगापुढे मांडली. मला आयटीआयमध्ये असल्यापासून तिचं प्रेम आहे. ना वीज, ना कुठला फिरता भाग. योग्य मापाच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या योग्य अंतरावर ठेवल्या की एका दिशेचं सगळं गोळा होऊन येतं.

आधी जिभाऊंच्याच अँटेनाचं बघितलं. बूस्टर खाली टीव्हीशेजारी लावलेला आणि वरून खाली येणारी वायर चपटी, लोखंडी पाइपला तारेने आवळून बांधलेली. चपट्या वायरला लोखंड चिकटलं की तिचा गुणच जातो. शिवाय वायरमध्ये सिग्नल आधी कमी झाला, मग खाली बूस्टरने जे वाढवलं त्यात मुंग्याच जास्त. चपटी काढून गोल वायर टाकली, वर अँटेना आणि गोल वायर यांचा मेळ घालणारा, 300 ओहमचं 75 करणारा बॅलन बसवला, बूस्टर पाइपच्या टोकाशी नेला. मुंग्या थोड्या विरळ झाल्या. चित्र मात्र नाही. मग माझा अकरा काड्यांचा चढवला. एखादी सावली हलल्यासारखं काहीतरी दिसलं. मग जोडीचा चढवला. जवळपास तेवढंच.

बारा वाजले. जिभाऊंच्या घरातून कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा आला. खाली ओट्यावर पोरं जमलेली. कोणी काही विचारत नव्हतं, नुसतं वर बघत होते.

भाकरी खाताना मी डोंगराकडे हात लांब केला आणि बोटं आडवी धरून मोजलं. कडा तीन-चार बोटं वर चढलेला. त्याच्यामागे म्हैसमाळ. चाळीस किलोमीटरवर, सपाटीपेक्षा सातशेक मीटर उंच. एवढ्या अंतरावरून ती उंची एका बोटाएवढीही भरत नाही. म्हणजे मनोरा कड्याच्या पार खाली बुडालेला. आदल्याच दिवशी भडगावच्या बाजूला गिरणाकाठच्या एका गावात मी साधा पाच काड्यांचाच अँटेना लावून आलो होतो. ते गाव म्हैसमाळपासून पासष्ट किलोमीटरवर, तरी चित्र स्वच्छ. कारण तिथून डोंगर तीस किलोमीटर मागे पडतो, कडा आणि मनोरा जवळजवळ एकाच उंचीवर येतात. लहर कड्याला घासून येते आणि सिग्नलचा पाव भाग तरी हाती लागतो. इथे पायथ्याशी मात्र ती कड्यावरून खाली वाकून यायला हवी. अशा सावलीत शंभरावा, कधी हजारावा भाग उरतो. अँटेना दुप्पट केला, म्हणजे एकाचे दोन जोडले, तर फार तर दुप्पट मिळतं. हजाराव्या भागाची दुप्पट करून काय होणार? मधे डोंगर नसते तर तीस फुटी पाइपवर म्हैसमाळ सव्वाशे किलोमीटरपर्यंत पोचायला हरकत नव्हती. खोक्यावरचा आकडा तसल्या सपाट जगातला.

मी हे सगळं जिभाऊंना पाटीवर त्रिकोण काढून दाखवलं. त्यांचा नातू शेजारी बसून बघत होता. पाटणादेवीजवळच्या याच पाटणला 1207 साली भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख तिथल्या देवळात आहे. हे आठवलं आणि पाटीवरची रेघ मी जरा नीट काढली.

चित्र येईल अशी खात्री मला तेव्हा अजिबात राहिली नव्हती. पण लाहोरला नाणेफेक व्हायला वेळ होता आणि त्या माणसाला 'होत नाही' सांगून गाडीला किक मारायचं मन होईना. मी वर चढलो, अकरा काड्यांचा पुन्हा लावला आणि पोऱ्याला सांगितलं, क्लॅम्प ढिला कर आणि पाइप हळूहळू पूर्ण फिरव. घाई करू नको. दर वीतभर थांब.

दक्षिणेला मुंग्या. पश्चिमेला मुंग्या. वायव्येकडून पुढे सरकताना छोट्या टीव्हीतून आवाज आला. आधी खरखर, मग एका बाईच्या बातम्यांचा तुकडा, मग पुन्हा खरखर. मी ओरडलो, थांब. बोटभर मागे. अजून. मुंग्यांतून आधी केस दिसले, मग चेहऱ्याची कड, मग खाली अक्षरांची पट्टी.

अँटेनाचं तोंड जवळजवळ उत्तरेला होतं. म्हैसमाळकडे त्याने सरळ पाठ केली होती.

खालून जिभाऊ म्हणाले, "म्हैसमाळ तिकडे शे ना भाऊ, तुम्ही इकडे काब्रं फिराई राह्यनात?"

उत्तरेला शेतांपलीकडे एक सुटी टेकडी उभी होती, उघड्या काळ्या दगडाची. तिच्यात आणि कड्यात अंतर होतं, म्हणून तिच्या माथ्याला म्हैसमाळ दिसत होतं. तिच्या अंगावर आदळलेली लहर उलटून गावाकडे येत होती. विहिरीत हाक मारली की भिंतीवरून परत येते, तशी. डोंगराळ भागात टीव्हीवर एका चेहऱ्याशेजारी दुसरा पुसट चेहरा दिसतो, तो अशाच उलट्या लहरीमुळे. आम्ही नेहमी तिला टाळायचा प्रयत्न करतो. त्या दिवशी आमच्याजवळ तीच होती.

आता खरी तुलना सुरू झाली. जिभाऊंचा मोठा अँटेना त्याच दिशेला लावला तर चित्र आलं, पण दुहेरी. पुढून टेकडीची लहर आणि मागून कड्यावरून वाकून आलेली पुसट लहर, दोन्ही तो गोळा करत होता. माझा अकरा काड्यांचा पाठीमागचं जवळजवळ घेतच नव्हता, म्हणून त्याचं चित्र एकेरी. जोडीच्या अँटेनाचा जोर तेवढाच, पण पाठीमागची सावली किंचित दिसायची. मी तिन्ही दोन-दोन वेळा लावून पाहिले, कारण एकदा लावून काढलेल्या निष्कर्षावर माझा विश्वास नाही. पोऱ्याचे हात सोलले, त्याने तक्रार केली नाही.

अजून एक गोष्ट त्या दिवशी पक्की झाली. पाइप आणखी उंच केला की चित्र सुधारेल म्हणून आम्ही चार फूट वाढवले, तर ते पार बिघडलं. मग एकेक फूट खाली घेत आलो. मूळ उंचीच्याही दोन फूट खाली चित्र सगळ्यात घट्ट झालं. सरळ आलेली लहर आणि जमिनीवरून उसळलेली लहर कुठे एकमेकींना साथ देतात, कुठे खोडतात. तो थर कुठे आहे हे हातानेच शोधावं लागतं. तेव्हापासून मी कुठल्याही गावात पाइप पक्का करण्याआधी वर-खाली करून बघितल्याशिवाय नट आवळला नाही.

शेवटी माझा अकरा काड्यांचा वर राहिला आणि जिभाऊंचा बूस्टर त्याच्याखाली. त्यांचा अँटेना खाली उतरवून खोक्यात भरून दिला, परत करा म्हटलं. विकणाऱ्याने पुढे तो घेतला नाही. पाइपला तीन बाजूंनी ताण दिले. पाइपवर आणि क्लॅम्पवर मिळून लाल ऑइलपेंटची एकच सरळ रेघ ओढली, वाऱ्याने फिरलाच तर रेघेला रेघ जुळवायची.

टीव्ही ओट्यावर आणून ठेवला तेव्हा भारताची फलंदाजी सुरू होती. लक्ष्मणचं शतक त्या पडद्यावर लोकांनी उभं राहून पाहिलं, कारण बसायला जागाच नव्हती. मधे लाईट गेली. दोन मिनिटांत कोणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, मोठा टीव्ही बाजूला झाला आणि माझ्या साडेपाच इंची टीव्हीसमोर दीड-दोनशे माणसं दाटली. मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून पुढचा एक गुरुजी धावा मोठ्याने सांगत होता. चित्र हललं नाही. माझं निम्मं लक्ष शेवटपर्यंत मुंग्यांकडेच होतं. 293 ला उत्तर देताना पाकिस्तान 253 वर आटोपलं, आपण चाळीस धावांनी जिंकलो, आणि ओट्यावरून जो आवाज उठला तो मला अजून ऐकू येतो. जिभाऊंनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता. बोलले काहीच नाहीत.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत डिश आली. आकाशातल्या उपग्रहाला कड्याची अडचण नाही, त्यामुळे पुढच्या वर्ष-दोन वर्षांत त्या गावात छत्र्या दिसू लागल्या. पण त्याआधीच्या पावसाळ्यात एकदा दुकानात फोन वाजला. जिभाऊंचा नातू बोलत होता. पाहुणे म्हणून आलेल्या मामांनी माळवदावर जाऊन बघितलं, अँटेना 'उलटा बांधलाय' म्हणाले आणि म्हैसमाळकडे सरळ करून दिला. आता नुसत्या मुंग्या.

मी विचारलं, "लाल रेघ दिसतेय का?"

"पाइपवरची दिसतेय. क्लॅम्पवरची पलीकडे गेलीय."

"हळूहळू फिरव आणि जुळव."

फोन त्याने तसाच ठेवला. माळवदावर पावलं वाजली, लोखंड करकरलं, आणि मग खालून कोणीतरी चित्र आल्याचं ओरडलं, "उनं, उनं!"