हेल्मेट : हो की नाही?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या पोलीस ठाण्यात रात्रपाळी कुणी हौसेनं मागून घेत नाही. जानेवारीतली गोष्ट. साडेसातच्या सुमारास फोन आला : राधानगरी रोडला हळदीच्या पुढं उसाच्या ट्रॉलीला मोटारसायकल मागनं धडकली.

ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा. मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, रिफ्लेक्टर नाही. खूण म्हणून मागं चार दगड मांडलेले. अंधारात दगड दिसणार कुणाला? (ट्रॉली गेली तरी दगड तिथंच राहतात, ते आणि वेगळंच.) पोरगा पंचविशीतला, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली शिफ्ट संपवून घरी निघालेला. आम्ही पोचेपर्यंत १०८ त्याला घेऊन कोल्हापुरात सीपीआरकडं, म्हणजे सरकारी दवाखान्याकडं, गेली होती.

हेल्मेट सापडलं पंधरा-वीस फुटांवर, शेताच्या कडेला. आयएसआय मार्कचं, एका बाजूला नुसतं खरचटलेलं. मी ते उलटं करून बॅटरीखाली धरलं. पट्टा लावलेला असताना झटक्यानं निघालं असतं तर पट्टा तुटला असता, नाहीतर रिव्हेट उपटला असता. इथं दोन्ही टोकं धड होती, लॉकही शाबूत. म्हणजे पट्टा लावलाच नव्हता.

सीपीआरमध्ये आयसीयूबाहेर त्याचा चुलतभाऊ भेटला. पोरगा अजून शुद्धीवर नव्हता. मी बाकावर बसून मोबाईलवर आयरॅडची, म्हणजे अपघाताच्या सरकारी अ‍ॅपमधली, नोंद भरायला घेतली. गाडी, रस्ता, उजेड, सगळं भरून झालं आणि हेल्मेटच्या रकान्यावर बोट थांबलं.

कायद्याला यात शंका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट पट्ट्यानं डोक्यावर घट्ट बांधलेलं पाहिजे. नुसतं ठेवलेलं हेल्मेट म्हणजे न घातलेलंच. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नव्हतं म्हणून नोंद झालेले मृत्यू ५०,०२९. हा आकडा मी प्रशिक्षणात, शाळेतल्या कार्यक्रमात कितीदा तरी वाचून दाखवलाय. त्यातल्या किती जणांचं हेल्मेट असंच शेजारच्या उसात पडलं असेल, हे त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं.

"पट्टा का लावत नव्हता रे?" मी भावाला विचारलं.

"गळ्याला बोचतंय म्हणायचा. आणि नाक्यावर तुम्ही लोक डोस्कंच बघताय की, साहेब."

खोटं नव्हतं. मीच नाक्यावर उभा असतो तेव्हा लांबनं डोकं झाकलेलं दिसलं की हात हलवून गाडी सोडतो. हनुवटीखाली वाकून बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

मी 'नाही' दाबलं. भाऊ खांद्यावरनं स्क्रीन बघत होता.

"हुतं की ओ साहेब," तो म्हणाला. "तुमच्याच हातात हाय न्हवं ते."