अर्धं सांगितलं तर अर्धीच तपासणी

लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांच्या तपासणी केंद्राच्या दारावरून मी दोनदा पुढे निघून गेलो. पहिल्यांदा फोनवर बोलत असल्याचं नाटक करत, दुसऱ्यांदा तेही न करता. तिसऱ्या खेपेला आत शिरलो, तर खुर्च्यांवर एक जोडपं, कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी आणि माझ्या वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ निवांत शब्दकोडं सोडवत बसलेले. कोणी मान वर करून बघितलं नाही. माझ्या डोक्यात जे चित्र होतं त्यात सगळे माझ्याकडेच बघणार होते.

एक शहाणपण मात्र मी केलं होतं, आधी फोन. तुम्हीही करा आणि तीन गोष्टी विचारा: वेळ ठरवून यावं लागतं का, नाव कुठं लिहिलं जातं आणि रिपोर्ट कसा कळवतात. गोपनीय तपासणी आणि निनावी तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हाच कळलं. गोपनीय म्हणजे तुमचं नाव नोंदवलं जातं, पण ते उपचार करणाऱ्यांपुरतंच राहतं (काही आजारांची नोंद मात्र बऱ्याच देशांत आरोग्य खात्याला कळवावी लागते). निनावी म्हणजे फक्त नंबर. शिवाय विमा घरातल्या कोणाच्या नावावर असेल, तर बिलाचा कागद कोणाच्या हातात पडणार तेही आधीच विचारून घ्या. डॉक्टर गप्प राहतात, पाकीट बोलतं.

फोनवरच्या बाईंनी मात्र मलाच पहिला प्रश्न टाकला, "संबंध येऊन किती दिवस झाले?" मी म्हटलं, अकरा. मग त्यांनी शांतपणे हिशोब मांडला. क्लॅमिडिया आणि गोनोरिया, म्हणजे परमा, यांची तपासणी साधारण दोन आठवड्यांनंतर भरवशाची. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी एचआयव्हीची चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं, दोन्ही शोधणारी) तपासणी 45 दिवस उलटल्यावर पक्की, बोटाला टोचून होणाऱ्या झटपट तपासणीला 90 दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं. सिफिलिस, म्हणजे जुन्या लोकांची गरमी, तिलाही तीन महिने धरायचे. त्याआधी आलेला 'निगेटिव्ह' हा तात्पुरता दिलासा असतो. पण जळजळ, स्राव, फोड असं काही असेल तर दिवस मोजत बसू नका, लगेच जा. आणि एचआयव्हीचा धोका झाल्याची शंका असेल तर 72 तासांच्या आत जा. तेवढ्या वेळात सुरू केलेली 28 दिवसांची औषधं संसर्ग टाळू शकतात. जितक्या लवकर, तितकं चांगलं.

मी तीन आठवडे पूर्ण करून गेलो. एचआयव्हीचं रक्त तेव्हाही घेतलं, पण 45 दिवसांनंतर पुन्हा यायचं हे ठरवूनच.

पहिला गोंधळ मी स्वतःच घातला. भीतीनं पोटात गोळा आला की माझी पावलं आधी बाथरूमकडे वळतात, तशी ती वळली. बाहेर आलो तर नर्स लघवीची बाटली घेऊन उभ्या. "आत्ताच जाऊन आलात? मग आता तासभर बसा." या तपासणीला लघवीची पहिली धार लागते, लघवीतल्या जंतुसंसर्गाच्या नेहमीच्या तपासणीवेळी सांगतात तशी मधली नाही, आणि त्याआधी निदान एक तास लघवीला गेलेलं नसावं. शब्दकोड्याच्या गृहस्थांनी अर्धं पान माझ्याकडे सरकवलं. आमची ओळख शेवटपर्यंत झाली नाही.

दुसरा गोंधळ जास्त महागात पडला असता. फॉर्मवर प्रश्न होता, संबंध पुरुषांशी, स्त्रियांशी की दोघांशी. मी सवयीनं 'स्त्रियांशी' वर खूण केली. आयुष्यभर जे उत्तर सगळ्यांना देत आलो, तेच. आतल्या डॉक्टर बाईंनी फॉर्म वाचला आणि तरीही तोच प्रश्न तोंडी विचारला. वर म्हणाल्या, "मी सगळ्यांनाच विचारते. नमुना कुठून घ्यायचा ते यावरून ठरतं." मी दहा सेकंद भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि खरं ते सांगितलं. त्यांनी खूण खोडली, दुसरी केली आणि पुढचा प्रश्न विचारला. मुखमैथुन? गुदमैथुन? कंडोम कधी होता, कधी नव्हता? दातांच्या डॉक्टरनं थंड लागतं का विचारावं, तसा तो आवाज.

पण त्या एका खुणेनं तपासणी बदलली. लघवीतून फक्त मूत्रमार्गातला संसर्ग कळतो. घशातला किंवा गुदद्वारातला तिथं दिसतच नाही, तिथला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना, वेगळा घ्यावा लागतो. घशाच्या स्वॅबला क्षणभर उबळ येते. खालचा मी स्वतःच बाथरूममध्ये घेतला, चित्रं काढलेला कागद देतात, अर्ध्या मिनिटाचं काम. स्त्रियांनाही योनीचा स्वॅब स्वतः घेता येतो आणि त्यांच्या बाबतीत तो लघवीपेक्षा जास्त विश्वासाचा. मागच्या काही आठवड्यांत प्रतिजैविकं घेतली असतील तर तेही सांगा.

"सगळ्या तपासण्या करून टाका" असं म्हणून सगळ्या होत नाहीत. फोड नसताना हर्पीससाठी (फोड आणणारा विषाणू) रक्त सहसा तपासत नाहीत, आणि पुरुषांसाठी एचपीव्हीची (चामखिळी आणि काही कर्करोगांमागचा विषाणू) नेहमीच्या वापरातली तपासणीच नाही. त्यामुळे निघताना विचारा, नेमकं काय काय तपासलं. हेपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर तिथंच विषय काढा.

पाचव्या दिवशी निरोप आला: 'तुमच्या भेटीसंदर्भात संपर्क साधा.' आजाराचं नाव नाही, केंद्राचं नाव नाही. लघवी स्वच्छ. गुदद्वार स्वच्छ. घशात गोनोरिया. मला साधी खवखवही नव्हती. फॉर्मवरची पहिली खूण तशीच राहिली असती, तर मी 'सगळं ठीक' असा कागद खिशात घालून आनंदानं घरी आलो असतो.

उपचार म्हणजे सेफ्ट्रायॅक्झोन या प्रतिजैविकाचं एक इंजेक्शन, कमरेखाली. बसताना दोन दिवस आठवण राहते. सात दिवस संबंध नाहीत. घशातला संसर्ग चिवट असतो म्हणून दोन आठवड्यांनी घशाची पुन्हा तपासणी, आणि तीन महिन्यांनी सगळ्याच तपासण्या पुन्हा, कारण एकदा बरं झालं म्हणून परत होत नाही असं नाही.

मागच्या दोन महिन्यांतल्या जोडीदारांना कळवायचं होतं. बऱ्याच केंद्रांत तुमचं नाव न सांगता ते स्वतः निरोप देतात, मला तसं विचारलंही. माझा एकच होता, म्हणून मीच फोन केला. इंजेक्शनपेक्षा हा फोन जड गेला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पत्ता पाठव."

पाठवला. खाली लिहिलं: निघायच्या आधी बाथरूमला जाऊ नकोस. आणि फॉर्मवर खरं लिही.