कुणीही न वाजवलेला खर्ज

दिग्दर्शिकेची मागणी एका ओळीची होती: नृत्यनाट्याच्या शेवटच्या प्रवेशात एक कॉर्ड सुरू होईल, साधारण दोन मिनिटं चालेल आणि तेवढ्या वेळात ती गंजत जाईल. गंजत म्हणजे नेमकी कशी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ध्वनीचं काम करणाऱ्याच्या वाट्याला विशेषणंच येतात. त्यांचे व्होल्ट आणि हर्ट्झ करणं हाच आमचा धंदा.

संगणकातल्या प्लगइनवर केलेले आमचे नमुने त्यांनी आधीच ऐकले होते. "छान आहेत, पण सगळं इस्त्री केल्यासारखं वाटतंय," एवढंच त्या म्हणाल्या. तक्रार रास्त होती. म्हणून त्या दिवशी आमचा कीबोर्डवादक स्टुडिओत आला तो दोन सिंथ (विजेवर सूर तयार करणारी चाव्यांची वाद्यं) आणि गिटारच्या पेडलांनी, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डब्यांनी, भरलेली पेटी घेऊनच. "ताई, आज माऊसला हात लावायचा नाही," त्यानं आल्या आल्या जाहीर केलं. दिग्दर्शिका दुपारनंतर येणार होत्या, तोवर स्टुडिओ आमचाच.

सिंथमागे पेडल जोडणं दिसायला सोपं आहे. केबल बसते, आवाजही येतो. पण पेडल बनवणाऱ्यानं समोर गिटार धरलेली असते. पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या भागातून, येणारा सिग्नल व्होल्टच्या काही दशांशांचा, तर सिंथ लाइन लेव्हलवर, म्हणजे ध्वनियंत्रांच्या आपसातल्या वरच्या पातळीवर बोलतो. स्टुडिओतली व्यावसायिक पातळी +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट, आणि तीही सरासरी. सूर सुटण्याच्या क्षणी सिग्नल त्याच्या कितीतरी वर उडी मारतो. +२० डीबीयूची साधी साइन लहर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जवळजवळ २२ व्होल्टची होते, आणि पेडल चालतं ९ व्होल्टवर. जागाच नाही. म्हणून कित्येकजण पहिल्यांदा सिंथ पेडलमध्ये घालतात, फाटका आवाज ऐकतात आणि "पेडलं सिंथसाठी नसतातच" असा निकाल देऊन मोकळे होतात.

"मग सिंथचाच आवाज कमी करू की," कीबोर्डवादक म्हणाला. घाईच्या वेळी मीही तेच करते. पण आवाजाचा नॉब पार तळाशी नेला की सूर लहान होतो आणि नॉबच्या पुढच्या सर्किटची खरखर होती तेवढीच राहते. त्यामुळे मी मध्ये रीॲम्प बॉक्स लावला. तो लाइनचा सिग्नल गिटारच्या पातळीला उतरवतो, आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंचं विद्युत ग्राउंड वेगळं ठेवत असल्यानं संगणकाला जोडलेल्या सिंथमधून येणारी घरघरही तिथंच अडते. शिवाय फझचा, म्हणजे सूर मुद्दाम फाडून खरखरीत करणाऱ्या पेडलाचा, प्रश्न होता. जुन्या पद्धतीचं दोन ट्रान्झिस्टरचं फझ गिटारच्या पिकअपवर भार टाकतं, आणि त्या ओढाताणीतच त्याचा गोडवा असतो. सिंथचं आउटपुट इतक्या कमी इम्पीडन्सचं (विद्युत विरोधाचं) असतं की फझनं कितीही ओढलं तरी ते हलत नाही. मग फझ नुसतं किंचाळतं. वाटेत काही किलोओहमचा रोध आला की ते माणसात येतं. आमच्या बॉक्सवर त्यासाठी एक नॉब आहे. माझ्या मते त्या बॉक्सवरची सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच.

सकाळ गेली ती 'जुना' आवाज शोधण्यात, आणि ती मजेत गेली. गंजाच्या आधी कॉर्ड जुनी वाटायला हवी, म्हणून आम्ही ॲनालॉग डिलेपासून, म्हणजे पडसाद देणाऱ्या पेडलापासून, सुरुवात केली. या डिलेचं पोट म्हणजे बकेट ब्रिगेड नावाची चिप. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये हा शोध लागला. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढं देतात, तसे यात सिग्नलचे नमुने एका कपॅसिटरमधून पुढच्यात सरकत जातात. नावही त्यावरूनच पडलं. एमएन३००५ या चिपमध्ये असे ४,०९६ टप्पे असतात. घड्याळाचे ठोके १० किलोहर्ट्झवर आणले की सिग्नल बाहेर पडायला सुमारे २०५ मिलिसेकंद लागतात. उशीर आणखी हवा तर ठोके आणखी मंद करायचे. पण ठोके मंद झाले की वरच्या कंपनांची नीट नोंद होत नाही, म्हणून सर्किटात ती आधीच फिल्टरनं कापलेली असतात. त्यामुळे प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा काळवंडलेला येतो. गिटारवादकाला हे कधी आवडतं, कधी खुपतं. सिंथला मात्र ते औषधासारखं लागू पडतं, कारण सिंथजवळ वरची कंपनं गरजेपेक्षा जास्तच असतात. फिल्टर पूर्ण उघडा ठेवलेला करवती लहरीचा सूर त्या डिलेमध्ये सोडला, तेव्हा पहिला पडसाद टोकदार होता आणि चौथ्या-पाचव्याला नुसती ऊब उरली होती. सिंथच्या स्वतःच्या फिल्टरनं हे जमत नाही. तो सगळ्या सुरावर एकदम पडदा टाकतो, पण पडसादागणिक वय वाढवत नाही.

मग डिलेपुढं फेझर, म्हणजे सुराला फिरत्या लाटेसारखा रंग देणारं पेडल, लावून पाहिला. चाव्यांचं वाद्य आणि फेझर ही जोडी नवी नाही. ज्याँ-मिशेल जारनं १९७६ च्या 'ऑक्सिजेन'मध्ये एमिनेंट ऑर्गनचे तंतुवाद्यांसारखे सूर स्मॉल स्टोन नावाच्या फेझर पेडलमधून काढले होते. गिटारसाठी केलेलं पेडल चाव्यांच्या वाद्याला लावायची कल्पना तेव्हापासून सगळ्यांच्या कानात आहे. एका सुराचे अनेक वाटायला लावणारा कोरस तर सिंथच्या आतच जाऊन बसला. बॉसचं पहिलं कोरस पेडल सीई-१ हे १९७६ चं, आणि १९८२ च्या रोलंड ज्युनो-६० मध्ये तसाच बकेट ब्रिगेड कोरस कारखान्यातूनच बसवून आला. त्या सिंथमध्ये प्रत्येक सुराला एकच ऑसिलेटर (मूळ लहर तयार करणारं सर्किट) असतो. तो जाड वाटतो ते बरंचसं त्या कोरसमुळं.

जेवणापर्यंत जुनेपणा सापडला होता. गंज सापडत नव्हता.

गंज म्हटलं की फझ, हे दोघांच्याही मनात होतंच. कीबोर्डवादकानं बहुसुरी सिंथवर कॉर्ड धरली: ए, त्यावरचा सी शार्प, त्यावरचा ई. मी फझ चालू केलं आणि स्पीकरमधून चिखल बाहेर पडला. गंज वेगळा आणि चिखल वेगळा. गंजलेली वस्तू कोणती हे ओळखू तरी येतं. त्यानं फझचा गेन (जोर) कमी केला, चिखल पातळ झाला. सिंथमधला कोरस बंद केला, थोडा फरक पडला. फिल्टर बराचसा मिटला, आणखी थोडा. तरी आत काहीतरी गुरगुरत होतंच, एका ठरलेल्या वेगानं.

त्या ठरलेल्या वेगामुळं मी कागद ओढला. फझमध्ये एकाच वेळी दोन सूर गेले की बाहेर ते दोघेच येत नाहीत, त्यांच्या कंपनांची बेरीज आणि वजाबाकीही येते. हे सगळ्या विकृतीकारक पेडलांचं मूळ. त्यातही ज्या फझमध्ये लहरीचा वरचा आणि खालचा भाग सारखा कापला जात नाही, त्यात वजाबाकीचा सूर चांगला ठळक असतो. आमचा ए ४४० हर्ट्झचा. कीबोर्डच्या समान अंतराच्या पट्टीत सी शार्प ५५४.३७ आणि ई ६५९.२६. पहिल्या दोघांची वजाबाकी ११४.३७, पुढच्या दोघांची १०४.८९. म्हणजे खाली, आम्ही न वाजवलेल्या प्रदेशात, दोन सूर एकमेकांपासून साडेनऊ हर्ट्झवर भांडत होते. गुरगुर होती ती सेकंदाला साडेनऊ ठोक्यांची.

गिटारवादक फझवर तिसरा सूर टाळून नुसता मूळ आणि पंचम का वाजवतात, त्याचंही उत्तर याच कागदावर आहे. ६५९.२६ वजा ४४० म्हणजे २१९.२६. खालचा ए २२० चा, तेव्हा खोट जवळजवळ नाहीच. सगळा घोटाळा गंधाराचा, म्हणजे मधल्या सी शार्पचा. समान पट्टीतला गंधार शुद्ध प्रमाणापेक्षा जवळपास १४ सेंट (सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. गाणारी माणसं पेटीच्या गंधाराला नावं ठेवतात ती याचसाठी.

शुद्ध प्रमाण ४:५:६ चं. ४४०, ५५०, ६६०. दोन्ही वजाबाक्या ११०.

कागदावर हे लिहिलं आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यानं बहुसुरी सिंथ बाजूला सारला आणि दुसरा ओढला: एकसुरी, पण तीन ऑसिलेटरचा. ही मांडणी १९७० च्या मिनीमूगनं रूढ केली. एक चावी दाबली की तिन्ही ऑसिलेटर वाजतात, आणि प्रत्येकाचा सूर वेगळा लावता येतो. पहिला ए वर, दुसरा सी शार्पवर, तिसरा ई वर. लहर त्रिकोणी, फिल्टर बराचसा मिटलेला, जेणेकरून फझच्या तोंडी मुख्यतः मूळ कंपनंच जावीत. त्याआधी आम्ही सिंथ तापायला वेळ दिला, कारण ॲनालॉग ऑसिलेटर थंड असताना सूर धरून बसत नाही आणि इथं ते परवडणारं नव्हतं. मधला सूर एका हर्ट्झनं जरी सरकला तरी खालच्या वजाबाक्या १११ आणि १०९ होतात, म्हणजे सेकंदाला दोन ठोके पडतात.

त्यानं एका बोटानं चावी दाबून ठेवली आणि दुसऱ्या हातानं मधल्या ऑसिलेटरचा नॉब खाली आणायला सुरुवात केली. १४ सेंट म्हणजे त्या नॉबवर नखाएवढीसुद्धा जागा नाही. गुरगुर मंदावली. वेगळे ठोके मोजता येऊ लागले, मग लाटेसारखी चढउतार राहिली, मग तीही लांबली. आणि थांबली. त्याबरोबर स्पीकरमध्ये खर्जाचा एक सूर उभा राहिला. स्वच्छ, भरदार, वरच्या कॉर्डपेक्षा स्थिर. मी लगेच स्पेक्ट्रम, म्हणजे कोणतं कंपन किती याचा आलेख, पाहिला, कारण असे सूर पुष्कळदा फक्त कानात तयार होतात. इथं तसं नव्हतं: ११० हर्ट्झवर उंच खांब होता. फझ बंद केलं की खांब गायब.

दिग्दर्शिका नेमक्या तेव्हाच आत आल्या. उभ्यानंच ऐकलं.

"बेस कोण वाजवतंय?"

"कुणीच नाही," मी म्हणाले.

त्यांनी कीबोर्डवादकाच्या हातांकडे पाहिलं. एक बोट चावीवर, दोन बोटं नॉबवर. "म्हणजे रेकॉर्ड केलेला आहे?" त्यानं फझवर पाय दिला, खर्ज गेला, पुन्हा दिला, आला. मी कागद पुढं केला, पण आकड्यांत त्यांना फार रस नव्हता. त्यांनी विचारलं ते वेगळंच: "हे उलट करता येईल?"

उलट! आम्ही गुरगुरीकडून शुद्धतेकडे जात होतो, आणि त्यांना गंज हवा होता. म्हणजे सुरुवात शुद्ध प्रमाणानं करायची, खाली न वाजवलेला खर्ज भक्कम उभा असताना. मग दोन मिनिटांत मधला सूर केसाकेसानं चढवत न्यायचा. आधी खर्ज श्वास घेतल्यासारखा हलेल, मग थरथरेल, मग दुभंगून गुरगुरेल. वरची कॉर्ड तीच राहील, तिच्यातला सूर चढतोय हे बहुतेकांना कळणारही नाही. पायाच तेवढा कुजेल. हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं असंही नाही. आम्ही गुरगुरीला दोष समजून तिच्या मागं लागलो होतो.

पेडलांचा क्रम आता आपोआप ठरला. फझ पहिलं, कारण त्याच्यात तीन शुद्ध सुरांखेरीज काहीच जाऊन चालणार नव्हतं. कोरस किंवा डिले आधी आला असता तर गणितच विस्कटलं असतं. मग अगदी संथ फेझर, मग सकाळचा तो काळवंडणारा डिले, शेवटी घुमारा देणारा रिव्हर्ब. रिव्हर्बचं पेडल डिजिटल होतं आणि बाकीच्यांबरोबर एकाच वीजपुरवठ्यावर लावल्यावर बारीक शिट्टी वाजवत होतं. त्याला वेगळं, विलग आउटपुट दिलं आणि ते गप्प झालं.

रेकॉर्ड करून ठेवायचं की प्रयोगात प्रत्यक्ष वाजवायचं यावर थोडा वाद झाला. माझं मत रेकॉर्डच्या बाजूचं होतं: तापमान, वीज, पायाचा धक्का, नॉबवरची ती नखाएवढी जागा, एवढ्या गोष्टी रंगमंचाशेजारी सांभाळायच्या म्हणजे रोज परीक्षा. कीबोर्डवादकाचं म्हणणं असं की नर्तकी रोज सारख्या वेगानं कोसळत नाही, तर खर्जानं का कोसळावं? दिग्दर्शिकेनं त्याच्या बाजूनं कौल दिला. त्यानं नॉबभोवती कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीनं दोन खुणा केल्या, आणि म्हणाला, "खुणा मनाच्या समाधानाला. जायचं ठोके ऐकतच."

जाता जाता दिग्दर्शिका म्हणाल्या, "तो बेस थोडा वाढवा ना." वाढवायला त्याचा वेगळा फेडर (पातळीची सरकपट्टी) नव्हताच, तो फझच्या पोटातून कॉर्डबरोबरच बाहेर येत होता. गेन वाढवला असता तर वरची कॉर्डही खरखरली असती. शेवटी फझच्या लगेच पुढं गिटारचं सात पट्ट्यांचं ईक्यू पेडल (ठरावीक कंपनं कमीजास्त करणारं) बसवलं, १०० हर्ट्झची पट्टी वर सरकवली आणि ८०० ची किंचित खाली. त्यांनी दारातूनच मान डोलावली.