डिस्चार्ज पेपरच्या शेवटच्या ओळीपासून: आमची वाटचाल

आज आम्ही अपघातातून वाचलेल्या पेशंटना घरी जाऊन फिजिओथेरपी देतो, पण मी आधी टेम्पो चालवायचो. माल भरायचा, पोचवायचा, परत यायचं, एवढंच काम. फिजिओथेरपी हा शब्द मला माहीत होता पण ती क्रिकेटवाल्यांसाठी असते असं वाटायचं. मग एका सिग्नलला एका गाडीने मला उडवलं आणि मांडीचं हाड मधोमध तुटलं.

ऑपरेशन एकदम मस्त झालं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. रॉड टाकला, टाके घातले, पाचव्या दिवशी घरी. डिस्चार्ज पेपरवर गोळ्यांची नावं, वेळा, टाके कधी काढायचे, सगळं व्यवस्थित लिहिलेलं आणि सगळ्यात खाली शेवटची ओळ, 'फिजिओथेरपी घ्यावी'. कुठे घ्यायची, आठवड्यातून किती वेळा, कोणाकडे, आणि मुख्य म्हणजे तिथपर्यंत जायचं कसं, यातलं काहीच नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहणारा, लिफ्ट नाही, एक पाय टेकायचा नाही. ज्या पायासाठी जायचं त्याच पायाने जाता येत नव्हतं, आता बोला.

एकदा गेलो. दोघांनी खुर्चीत बसवून खाली उतरवलं, भावाने कामावर दांडी मारली, जायला एक तास, तिथे २० मिनिटं व्यायाम, यायला पुन्हा तास, आणि घरी आल्यावर दोन दिवस पाय असा ठणकत होता की दुसऱ्या खेपेला मीच म्हटलं राहू दे. हाड जुळलं की पाय आपोआप चालू होईल असं मला वाटत होतं, घरच्यांनाही तसंच वाटत होतं, आणि आजही आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तसंच वाटतं. १० आठवड्यांनी एक्सरे काढला, हाड छान जुळत आलेलं, पण गुडघा मात्र ४० अंशांच्या पुढे वाकेना. साधं चालायला गुडघा साधारण ६० अंश वाकावा लागतो, जिन्याला ८०-९०, खुर्चीतून हात न टेकता उठायला त्याहूनही जास्त. मांडीचे स्नायू हाडाला चिकटून बसले होते. शेवटी भूल देऊन गुडघा वाकवावा लागला आणि पुढे तीन महिने रोज व्यायाम, तोही असा की नुसता आवाज ऐकून बाहेर बसलेला पेशंट घाबरायचा.

तिथेच आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम भेटल्या, म्हणजे आताच्या माझ्या धंद्यातल्या पार्टनर. एक दिवस मी चिडून म्हटलं की मला हे आधी कोणी का सांगितलं नाही, तर त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्यासारखे उशिरा आलेले मला रोज भेटतात. मला काळजी आलेल्यांची नाही, जे येतच नाहीत त्यांची वाटते." हे डोक्यात राहिलं.

माल उचलायचं काम आता जमणार नव्हतं, पण गाडी चालवता येत होती. मग टेम्पो विकून जुनी व्हॅन घेतली, मागची एक सीट काढली, तिथे पाय सरळ ठेवता येईल अशी फळी बसवून घेतली आणि पेशंटना घरून मॅडमकडे न्यायचं, परत सोडायचं असं सुरू केलं. हाच आमचा पहिला धंदा. कल्पना बरोबर वाटत होती पण पेशंट दोन-तीन खेपा करून बंद व्हायचे आणि कारण कळायला वेळ लागला. व्हॅन दारात यायची हो, पण पलंगापासून दारापर्यंत कोण आणणार? जिना होताच, घरातला माणूस कामावर गेलेला असायचा, आणि कंबरेच्या हाडाचं फ्रॅक्चर झालेल्या बाईंना व्हॅनमध्ये बसवताना त्यांचा चेहरा बघून मलाच कसंतरी व्हायचं. एकदा मॅडम सहज म्हणाल्या, पाच पेशंट माझ्याकडे आणण्याऐवजी मला एकटीला पाच घरी सोडा की. इतकी साधी गोष्ट, आणि ती सुचायला आम्हाला आठ महिने लागले!

घरी जायला लागल्यावर खरं काय चाललंय ते दिसायला लागलं. गुडघ्याखाली पाय कापलेल्या मुलाच्या आईने मायेने गुडघ्याखाली उशी दिलेली असते, त्याला बरं वाटतं, पण महिनाभर तसाच ठेवला तर गुडघा वाकलेलाच राहतो आणि मग कृत्रिम पाय नीट बसत नाही. कोणाकडून तरी मागून आणलेल्या कुबड्या, त्या माणसाच्या उंचीच्या नसतातच. यात आमचीही एक चूक सांगतो. सुरुवातीला मी कुबड्या नुसत्या पोचवून यायचो, उंची कोण बघतंय. एका पेशंटचा हात मनगटातून लुळा पडायला लागला, कारण कुबडी लांब होती आणि तो सगळा भार बगलेवर टाकत होता, त्यामुळे तिथली नस दबली. सुदैवाने हळूहळू हात सुधारला. तेव्हापासून नियम: कुबडीचं टोक बगलेच्या दोन-तीन बोटं खाली, भार हातावर, आणि पेशंटला दहा पावलं चालवून बघितल्याशिवाय आमचा माणूस घरातून निघत नाही. काठी दिली तर दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात, हे तर जवळपास प्रत्येक घरात नव्याने सांगावं लागतं.

मॅडमची एक गोष्ट मला आधी पटत नव्हती. त्या पहिल्या भेटीत पेशंटपेक्षा घरच्यांनाच जास्त शिकवतात. मी म्हणायचो असं सगळं शिकवून टाकलं तर आपल्याला पुन्हा बोलावणार कोण. त्या म्हणाल्या मी आठवड्यातून दोनदा येणार, उरलेले पाच दिवस कोण आहे? मणक्याला मार लागलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर बेडसोर, म्हणजे पडून पडून जखमा होतात, आणि हे काम कुठलाही फिजिओ येऊन करणार नाही, घरातलंच माणूस करणार. धंद्याच्या हिशोबानेही त्यांचंच खरं ठरलं, आमचे निम्मे पेशंट जुन्या पेशंटच्या नातेवाइकांच्या सांगण्यावरून येतात.

व्यवसाय वाढवायचा म्हणून कर्ज काढायला गेलो तर बँकेतले साहेब म्हणाले एवढं गिऱ्हाईक आहे का याला. मॅडमनी जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे ठेवले पुढे: जगात दरवर्षी रस्त्यावर सुमारे ११.९ लाख माणसं मरतात, आणि जखमी होऊन वाचणारे २ ते ५ कोटी. मरणाऱ्यांची निदान बातमी येते, वाचलेल्यांचं पुढे काय होतं ते कोण विचारतंय? त्याच संघटनेने २०१७ मध्ये 'पुनर्वसन २०३०' नावाने मोहीम सुरू केली आणि तेव्हापासून सांगतायत की काही गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत गरज असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना पुनर्वसनाची, म्हणजे फिजिओसारखी सेवा मिळतच नाही. कर्ज मिळालं. त्या कर्जातून मी मोठ्या उत्साहाने गुडघा आपोआप वाकवणारी तीन मशीन घेतली, मॅडम नको म्हणत असताना, आणि त्यातली दोन अजून कव्हर घालून पडून आहेत. त्या पैशात किती वॉकर आणि कमोड चेअर आल्या असत्या याचा हिशोब मॅडमना तोंडपाठ आहे.

पैशाचं सांगायचं तर ऑपरेशनचं बिल भागवणाऱ्या बऱ्याच विमा पॉलिसी नंतरच्या फिजिओला हात आखडता घेतात. अपघाताच्या भरपाईची केस चालते वर्षानुवर्षं, आणि सांधा काही निकालाची वाट बघत थांबत नाही. म्हणून आम्ही सामान भाड्याने द्यायला लागलो आणि व्हिजिटचे पैसे हप्त्याने घेतो. काही बुडतात, व्हीलचेअरही परत येत नाहीत कधी कधी, चालायचंच.

सगळ्यात अवघड पेशंट कोणते विचाराल तर मी डोक्याला मार लागलेले सांगेन. माणूस चालतो, बोलतो, बाहेरून ठणठणीत, पण गॅस बंद करायचं विसरतो, एक काम धड पूर्ण होत नाही, लहानसहान गोष्टींवर भडकतो, आणि घरचे म्हणतात आळशी झालाय, नाटकं करतोय. यासाठी आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या ताई घेतल्या, त्या डायरी, मोबाईलचा अलार्म, कामाचे छोटे टप्पे असं बसवून देतात. आणि दुसरे म्हणजे बाईकवरून खांद्यावर पडलेले तरुण, खांद्याजवळच्या नसांना मार लागतो आणि अख्खा हात लोंबकळतो. एका मुलाने मॅडमना विचारलं कधी हलेल. मॅडमनी टेप काढला, मानेपासून बोटापर्यंत मोजलं आणि म्हणाल्या नस वाढलीच तर दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढते, आता तूच कर गणित. मला वाटलं पोरगं खचणार, पण तेव्हापासून त्याने 'कधी' विचारणं सोडलं, सांधे मोकळे ठेवायचा व्यायाम मात्र एक दिवस चुकवला नाही. कोपर वाकवायला त्याला दीड वर्ष लागलं. बोटं अजून हलत नाहीत.

आता आम्ही नऊ जण आहोत, चार फिजिओ, ताई, सामान पोचवणारी दोन पोरं, मॅडम आणि मी. लांबच्या पेशंटना व्हिडिओ कॉलवर व्यायाम घेतो, पण पहिली भेट प्रत्यक्षच, कारण फोनवर सगळे गुडघे छान वाकतात! आणि तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः प्रत्येकाला फोन करतो, कारण मी स्वतः तेव्हाच सोडलं होतं. आधी मी विचारायचो गुडघा वाकतोय का, आणि सगळे हो म्हणायचे. आता विचारतो, पलंगाच्या कडेला बसा आणि बघा टाच पलंगाखाली जाते का. पलीकडे जरा शांतता होते, मग पलंग करकरल्याचा आवाज येतो, आणि मग बहुतेक वेळा, "नाही हो जात. उद्या कोणी येऊ शकेल का?"