शटर खाली, पेशंट चालू

मार्च २०२० मध्ये ठाण्यात नौपाड्यातलं माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक कसं होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढची तारांबळ कळेल. दोन खाटा, मध्ये पडदा, दुखण्यावर लावायची आयएफटी (सौम्य वीजप्रवाहाची) आणि अल्ट्रासाउंडची मशीन, कोपऱ्यात मान-कंबर ताणायचं ट्रॅक्शन, शेकायच्या मेणाचं भांडं. खिडकी एकच, तीही जिन्याकडे उघडणारी. सकाळी गुडघेवाले आजी-आजोबा, संध्याकाळी लोकलमधून उतरून मान धरून येणारे नोकरदार. भाडं, मशीनचा हप्ता आणि मदतनीस मावशींचा पगार हे सगळं रोजच्या फीमधून निघायचं. शिल्लक म्हणावी अशी नव्हतीच. ठाण्यातल्या बहुतेक छोट्या फिजिओथेरपी क्लिनिकांचं गणित असंच असतं, फक्त कोणी बोलून दाखवत नाही.

२५ मार्चपासून देशभर लॉकडाउन लागला. केंद्राच्या आदेशात रुग्णालयं, दवाखाने, क्लिनिकं यांना सूट होती, म्हणजे कागदावर मी शटर उघडू शकत होते. पण येणार कोण? लोकल बंद, रिक्षा बंद आणि माझे निम्मे पेशंट साठीच्या पुढचे. शिवाय ती एक खिडकी. त्या खोलीत एका खाटेवरून दुसऱ्या पेशंटकडे वळायचं, त्याच हातांनी मान धरायची, हे मला तेव्हा पटेना. मी शटर खाली ओढलं. मावशींना पूर्ण पगार दिला, पुढच्या महिन्यात निम्मा, त्यानंतर त्या गावाला गेल्या.

पहिले काही दिवस फोन यायचे ते एकाच प्रश्नाचे: मॅडम, शेक घेऊ का? मग एका आजोबांच्या मुलाचा फोन आला. आजोबांचं गुडघ्याचं रिप्लेसमेंट मार्चच्या सुरुवातीला झालेलं. अशा ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे फार मोलाचे असतात. तेव्हा गुडघा वाकवून घेतला नाही तर आत जखमेचे पापुद्रे धरतात आणि मग तो नव्वद अंशांच्या पुढे जायला तयार होत नाही. त्यांच्या सोसायटीने बाहेरच्या माणसाला फाटकाबाहेरच ठेवायचं ठरवलं होतं. मी ओळखपत्र आणि फिजिओथेरपी परिषदेच्या नोंदणीचा कागद घेऊन गेले, तर वॉचमन म्हणाला, ‘‘डॉक्टर असाल तर सोडतो, मसाजवाल्यांना बंदी आहे.’’ सेक्रेटरींना फोन लावून दिला, त्यांचंही तेच. बीपीटी ही फिजिओथेरपीची साडेचार वर्षांची पदवी आणि त्यानंतरची इतक्या वर्षांची प्रॅक्टिस त्या फाटकावर मसाजच्या खात्यात जमा झाली.

मग घरी येऊन व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना त्याच २५ मार्चला निघाल्या होत्या, पण त्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी. त्यात आमचा उल्लेख शोधून उपयोग नव्हता. तरी त्यातली शिस्त मी उचलली. पेशंटची ओळख आणि वय आधी विचारायचं, त्याची संमती घ्यायची, प्रत्येक कॉलनंतर काय सांगितलं ते लिहून ठेवायचं. ती वही अजून आहे.

आजोबांच्या घरी फोन कुठे ठेवायचा यावरच पहिला कॉल संपला. समोरून गुडघा कळत नाही, बाजूने बघावा लागतो. शेवटी डाळीच्या डब्याला टेकवून फोन खाटेच्या उंचीवर आणला. दर रविवारी मुलाने बाजूने फोटो काढायचा, मांडीचं हाड, गुडघा आणि घोटा एका फ्रेममध्ये हवा. मी तो फोटो लॅपटॉपवर मोठा करून स्क्रीनवर गोनिओमीटर धरून कोन मोजायची. प्लास्टिकचं ते कोनमापक स्क्रीनला लावून बसलेली मला बघून माझी मुलगी हसायची. पण कोन वाढत गेला, शंभरच्या पुढे गेला, आणि आजोबा पुढे जिना चढू लागले.

हाताने जे कळायचं ते आता विचारून काढावं लागत होतं. दुखतं म्हणजे नेमकं कधी? उठताना, पहिल्या पावलाला की चालून चालून? रात्री कुशीवर वळताना जाग येते का? सूज असेल तर दोन्ही गुडघे शेजारी ठेवून दाखवा. सुना, नाती, नवरे हे माझे हात झाले. खरं सांगायचं तर काही पेशंट व्हिडिओवर जास्त लवकर सुधारले, कारण मशीन लावून पडून राहायची सोयच नव्हती. व्यायाम स्वतःच करावा लागत होता. मशीन लावली म्हणजे उपचार झाले ही समजूत आम्हीच लोकांना लावलेली आहे, हे माझं जुनं मत तेव्हा पक्कं झालं.

फीचं मात्र अवघड होतं. ‘‘फोनवर तर सांगितलंत, त्याचे कसले पैसे?’’ हे वाक्य चांगल्या शिकलेल्या घरांतूनही ऐकलं. मी निम्मी फी ठेवली आणि आधी पैसे, मग कॉल असा नियम केला. काही लोक गळाले. जे राहिले ते टिकले. पण त्यावर भाडं निघेना.

जूनमध्ये बाळकुमला महापालिकेचं हजारावर खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं, आणि खासगी रुग्णालयांनाही माणसं हवी होती. मी एका खासगी रुग्णालयात करारावर कोविड वॉर्डासाठी नाव दिलं. घरी मधुमेहाच्या सासूबाई, त्यामुळे ड्यूटी करून घरी जायचं नाही हे ठरलेलं. राहायचं कुठे? बंद क्लिनिक होतंच. पेशंटची खाट माझी झाली आणि मेणाच्या भांड्याशेजारी इंडक्शन आलं. जुलैमध्ये ठाण्यात पुन्हा कडक लॉकडाउन लागला तेव्हा मी नौपाड्यातच अडकलेली बरी होते. मुलगी रोज खालून हात करून जायची.

वॉर्डात फिजिओचं काम काय, हे नातेवाइकांनाच काय, काही डॉक्टरांनाही स्पष्ट नव्हतं. नातेवाईक फोनवर सांगायचे, ‘‘छातीत कफ झालाय, ठोकून काढा.’’ आपल्याकडे छातीची फिजिओथेरपी म्हणजे पाठीवर थापट्या, असंच चित्र आहे. पण बहुतेक कोविड पेशंटना कोरडा खोकला होता. ठोकून निघेल असा कफच नव्हता, आणि मुद्दाम खोकायला लावलं की हवेत थेंब उडून वॉर्डातल्या सगळ्यांनाच धोका. कफ भरलेला असेल, त्याला स्वतः काढता येत नसेल, तरच ते करायचं, अशा आंतरराष्ट्रीय शिफारशी त्याच वर्षी आल्या होत्या. आमचा मुख्य धडा दुसरा होता: पालथं झोपवणं.

फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मोठा असतो आणि उताणं पडून राहिलं की तोच दबतो. पालथं केलं की तो मोकळा होतो, हवा आणि रक्त यांची गाठ नीट पडते, सॅच्युरेशन वर येतं. शुद्धीत असलेल्या पेशंटला हे स्वतःलाच करावं लागतं आणि तिथेच सगळी कसरत. मानेखाली एक उशी, छातीपासून मांडीपर्यंत एक-दोन, नडगीखाली दोन. पोट सुटलेल्या काकांना हे सांगणं सोपं नाही. एक काका चिडून म्हणाले, ‘‘पालथं पडायला मी काय तान्हं बाळ आहे?’’ मी ऑक्सिमीटर त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. आकडा हळूहळू वर सरकला तसे गप्प झाले. पुढे तेच शेजारच्या खाटेवरच्याला उश्या कशा लावायच्या ते सांगायचे.

आयसीयूतलं काम संथ आणि जड. पेशंट व्हेंटिलेटरवरून सुटला की लोकांना वाटतं जिंकलो. पण गंभीर आजारी माणसाच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार पहिल्या दहा दिवसांत जवळपास १८ टक्क्यांनी घटतो, असं २०१३ मध्ये जामा या नियतकालिकातल्या अभ्यासात दिसलं होतं. आमच्या वॉर्डात ते डोळ्यांना दिसायचं. चाळिशीतला धडधाकट माणूस खाटेच्या काठावर बसवला तर मान सावरता येत नाही. बसवणं, पाय खाली सोडणं, दोघांनी धरून उभं करणं, आणि प्रत्येक पायरीला मॉनिटरकडे एक डोळा. बराच काळ पालथे ठेवलेल्या काही जणांचे खांद्याचे किंवा पायाचे शिरातंतू दबून हात किंवा पाऊल लोंबायचं. ते ओळखून लगेच आधार लावणं हेही आमच्याकडे. पीपीई किटमध्ये बोललेलं नीट ऐकू जात नाही, म्हणून मी कागदावर मोठ्या अक्षरांत ‘नाकाने घ्या, ओठांचा चंबू करून फुंका’ असं लिहून नेलं होतं. श्वास ओढून प्लास्टिकच्या तीन गोळ्या वर उचलायचं स्पायरोमीटर सगळे मागायचे, पण गोळ्या वर न्यायची घाई करून दमून जायचे. एक गोळी, सावकाश, धरून ठेवा, एवढंच सांगायचं.

त्या रुग्णालयाने मानधन उशिरा दिलं आणि तेही कापून. करारात काय लिहिलंय याची प्रत माझ्याकडे सही-शिक्क्यासह होती, म्हणून निदान बाकीचं मागता आलं. माझ्याबरोबरच्या नुकत्याच इंटर्नशिप संपवलेल्या मुलींकडे तोंडी शब्दापलीकडे काही नव्हतं. त्यांचं पुढे काय झालं ते विचारवत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण सुरू झालं. माझं आणि गावाहून परतलेल्या मावशींचं नाव महापालिकेच्या यादीत घालून घेताना पुन्हा ‘फिजिओ म्हणजे कोणत्या रकान्यात?’ हा प्रश्न आलाच. नाव लागलं एकदाचं. त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेने सहायक आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात फिजिओथेरपी आली. आमच्या लोकांनी आनंदाने मेसेज पाठवले. मी तेव्हा दुसऱ्या लाटेच्या फोनांमध्ये होते, नीट वाचलाही नाही.

एप्रिलमधल्या त्या फोनांबद्दल थोडक्यात लिहिते. घोडबंदर रोडवरच्या, कळव्यातल्या, कोपरीतल्या घरांतून बेडची वाट बघत असलेली माणसं. केंद्राने तेव्हा सॅच्युरेशन ९४ च्या खाली गेलं तर घरी पालथं कसं झोपायचं याची सचित्र सूचना काढली होती, मी व्हिडिओवर तेच दाखवायची. जेवल्यावर तासभर नको, गरोदर बाईला नको, हृदयाचा मोठा आजार असेल तर नको. आणि प्रत्येक वेळी हेही, की याने वेळ मिळतो, ऑक्सिजनची गरज संपत नाही. बेडचा फोन चालू ठेवा.

त्यानंतरचं वर्ष मला जास्त शिकवून गेलं. बरे झालेले लोक दारात येऊ लागले. आमच्या धंद्याची सवय अशी की पेशंट आला की आजच्यापेक्षा उद्या थोडं जास्त. पण एक बँकेतल्या ताई आल्या, ताप कधीच गेलेला, रिपोर्ट चांगले. कोणी तरी ‘स्टॅमिना वाढवा’ म्हणून त्यांना तलावपाळीला रोज फेऱ्या मारायला लावलेलं. त्या दिवशी बरं वाटायचं आणि एक-दोन दिवसांनी अंथरुणातून उठवायचं नाही. २०२१ च्या ८ सप्टेंबरच्या जागतिक फिजिओथेरपी दिनाचा विषयच लाँग कोविड, म्हणजे कोविड गेल्यावरही रेंगाळणारी लक्षणं, हा होता, आणि फिजिओथेरपीच्या जागतिक संघटनेने आधीच सांगितलं होतं की श्रमांनंतर लक्षणं उसळणाऱ्या माणसाला हळूहळू वाढवत नेायचा व्यायाम देऊ नका. ताईंना मी व्यायाम दिलाच नाही. एक वही दिली. कधी काय केलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कसं वाटलं. त्यावरून दिवसाची कामं तोडून तोडून लावली: भाजी बसून चिरायची, अंघोळ आणि स्वयंपाक एका दमात नाही. व्यायाम न देण्याची फी घेताना मलाच चमत्कारिक वाटलं. त्यांनी दिली, वर म्हणाल्या, ‘‘पहिल्यांदा कोणी ‘करू नका’ म्हणालं.’’

दुसरी गोष्ट जांघेतल्या दुखण्याची. कोविडमध्ये भरपूर स्टेरॉइड घेतलेला तरुण माणूस काही महिन्यांनी ‘कंबर आखडलीय, मशीन लावा’ म्हणून येतो, आणि पाय आत वळवला की कळवळतो. अशांना मी आधी एमआरआयसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवते. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, आणि तिथे ताणाचे व्यायाम देत बसणं म्हणजे महिने घालवणं.

मधल्या काळात घरून काम करणाऱ्यांच्या माना आणि पाठींनी माझं भाडं भरलं. पलंगावर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या त्या पिढीचे आभारच मानायला हवेत.

कधी कधी मला वाटतं, आपण साथीला इतके का दचकलो. भारतात फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय १९५३ मध्ये परळच्या केईएममध्ये सुरू झालं ते जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, पोलिओने पाय गेलेली मुलं दवाखान्यांत भरलेली असताना. म्हणजे आमचा व्यवसायच साथीच्या पोटी जन्मलेला. तरी २०२० मध्ये फाटकावरच्या वॉचमनला आम्ही कोण ते सांगता येईना.

क्लिनिक आता तिथेच आहे. एका खाटेची जागा रिकामी केली, जिन्याकडच्या खिडकीवर एक्झॉस्ट बसवला, ट्रॅक्शन विकलं. फीच्या फलकावर व्हिडिओ सेशनचा आकडा लिहिलाय आणि त्याखाली कोणाला व्हिडिओवर घेत नाही तेही: नुकताच पॅरालिसिस झालेले, चक्कर येऊन पडणारे, टाके न निघालेले. नवीन पोरी विचारायला येतात, ऑनलाइन प्रॅक्टिस लगेच सुरू करू का? मी सांगते, आधी वॉर्ड कर, आणि कराराची प्रत हातात घेतल्याशिवाय कुठेही रुजू होऊ नकोस. फलकावरून मात्र अजून वाद होतात. परवाच एक गृहस्थ वडिलांचा पॅरालिसिस व्हिडिओवर घ्या म्हणून हटून बसले, निम्मी फी आहे ना तिथे, म्हणून. होम व्हिजिटचा दर सांगितला तर म्हणाले, विचार करून कळवतो.