रोझ बोल : सकाळी परेड, दुपारी मॅच

३ डिसेंबर २०२३ च्या रविवारी अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या निवड समितीने उपांत्य सामन्यांच्या जोड्या जाहीर केल्या : मिशिगन विरुद्ध अलाबामा, रोझ बोल स्टेडियम, पॅसडीना, कॅलिफोर्निया. आमची लेक मिशिगन विद्यापीठाच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. बँडचं सगळं विद्यापीठ बघतं, पालकांनी आपापली सोय करायची. हातात महिनाही नाही, त्यात नाताळची गर्दी. विमानाची तिकिटं त्याच संध्याकाळी काढली. मॅचची मात्र भाव जरा उतरू दिले आणि मग पुनर्विक्रीच्या साइटवरून घेतली.

खरा पेच १ जानेवारीचा. दोन्ही विद्यापीठांचे बँड सकाळी रोझ परेडमध्ये, म्हणजे पॅसडीनाच्या नववर्षाच्या मिरवणुकीत, साडेपाच मैल वाजवत चालणार होते आणि दुपारी दोनच्या मॅचला पुन्हा हजर! मला दोन्ही बघायचं होतं. परेड आठला पश्चिमेकडून, ऑरेंज ग्रोव्हवरून निघते आणि कोलोरॅडो बुलेव्हार्डने पूर्वेला जाते. स्टेडियमही पश्चिमेच्याच अंगाला, अरोयो सेकोच्या दरीत. म्हणून जागा पश्चिम टोकालाच धरायची. तिथून परेड लवकर पुढे सरकते आणि दरीत चालत उतरता येतं. गाडी नेऊच नये. आम्ही मेट्रोने मेमोरियल पार्कला उतरलो. लोक आदल्या दुपारपासून फूटपाथवर अंथरुणं टाकून बसलेले. आम्ही त्यांच्या मागे उभे राहिलो. दशम्या-चटणी तिथेच खाल्ली.

बँड समोरून गेला तेव्हा त्या निळ्या-पिवळ्या रांगांत लेक क्षणभरच दिसली. पण दिसली.

स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते. तिकीट फोनवर असतं, ते आधीच उतरवून ठेवावं. एवढ्या माणसांत नेटवर्कचा भरवसा नाही. त्या दिवशी ९६,३७१ प्रेक्षक होते.

नियम मी लेकीकडून शिकून गेले होते : चार प्रयत्नांत दहा यार्ड, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. हे एवढं कळलं तरी मॅच अंगावर येते. मिशिगन १३-२० ने मागे, शेवटचा क्वार्टर, स्वतःच्याच बाजूच्या ३३ यार्डांच्या रेषेवर चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. चुकलं तर जवळजवळ संपलंच. मिशिगनचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा) मॅकार्थीने चेंडू आपल्या कोरमकडे फेकला आणि २७ यार्ड मिळाले. मग मिशिगनच्याच रोमन विल्सनचा टचडाऊन, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, १ मिनिट ३४ सेकंद उरलेले असताना बरोबरी. जादा वेळेत कोरमने पुन्हा एंड झोन गाठला. अलाबामाचा शेवटचा प्रयत्न एंड झोनपासून तीन यार्डांवरून होता. त्यांचा क्वार्टरबॅक मिलरो मधोमध घुसला आणि मिशिगनच्या भिंतीने त्याला तिथेच अडवला. २७-२०. बँडने विजयगीत सुरू केलं, आणि पहाटेपासून वाजवणाऱ्या त्या पोरांच्या श्वासात इतकं बळ कुठून आलं, मला कळेना. मी रडत होते.

फायनल ८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये होती. दरी चढून वर येतानाच मी ह्यांना तिकिटांचे भाव बघायला लावले.